दादांचं नाक

नाशिकच्या एका सांडपाणी केंद्रात मी लॅब सांभाळते. शहराचं मैलापाणी आमच्याकडे येतं, साफ झालेलं पाणी नदीकडे जातं आणि मागे उरतो गाळ. तो आधी बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली शिजवायचा, निववायचा आणि मग डायजेस्टरमध्ये सोडायचा. डायजेस्टर म्हणजे हवा अजिबात आत न जाणारी भलीमोठी टाकी. आतले जंतू गाळ खातात आणि गॅस सोडतात. त्या गॅसवर आमचा बॉयलर चालतो आणि बॉयलरच्या वाफेवर पुढचा गाळ शिजतो. एक बिघडलं की सगळंच अडतं.

मी नोकरीला लागले तेव्हा डायजेस्टरवरच्या ऑपरेटरना सगळे दादा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. पेठ तालुक्यातले, पन्नाशी ओलांडलेले, अंगाने काटक. पहिल्याच दिवशी शिजलेल्या गाळाचा वास माझ्या डोक्यात गेला. गूळ करपावा आणि त्यात गटार मिसळावं, तसा तो वास. मी जिन्यातच बसले. दादांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"बसा निवांत. आठ दिवसांत याच वासात डबा खाशाल."

खाल्लाही. पुढे आम्ही रोज एकत्रच डबा खायचो. सकाळी ते लॅबच्या दारात येऊन सांगायचे, "आज आंबूस वास येतोय, बघा जरा." मी नमुना तपासायचे. कधी त्यांचं खरं निघायचं, कधी नाही. नाही निघालं तर म्हणायचे, "चला, बरं झालं," आणि निघून जायचे.

मग एका पावसाळ्यात त्यांना ताप आला. रजेवरून परतले ते निराळेच. लॅबकडे फिरकेनात. डबा घेऊन पंपहाऊसमागे एकटेच बसत. शिफ्ट संपली की नळावर साबण लावून हातपाय धूत राहत, इतका वेळ की बस चुकायची. मला वाटलं, घरी काही असेल. विचारलं तर, "काय नाय मॅडम, बरं हाय," एवढंच.

त्याच सुमारास बॉयलर दुरुस्तीसाठी बंद होता. तो सुरू झाल्यावर तुंबलेला गाळ लवकर संपवायचा म्हणून डायजेस्टरला नेहमीपेक्षा जास्त पाजला गेला. जंतूंना तो पेलला नाही. दुपारी माझ्या तपासणीत ॲसिड चढलेलं दिसलं, गॅसही घटत चालला होता. दुसरा नमुना स्वतः घ्यावा म्हणून मी टाकीवर चढले.

दादा छतावर होते. नमुना काढायच्या झाकणाचं रबर एका बाजूने फाटलं होतं आणि ते त्यावर वाकून बोल्ट आवळत होते. मी चार पावलं अलीकडेच थबकले. सडक्या अंड्यांचा वास भपकन आला आणि माझ्या खिशाला लावलेला, विषारी गॅस ओळखणारा मीटर किंचाळू लागला. त्यांचा मीटर खाली चार्जिंगला होता.

"दादा, मागे या. आधी मागे या."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. मी त्यांच्या शर्टाची कॉलर धरून वारा येत होता त्या बाजूला त्यांना ओढलं, तसेच आम्ही जिना उतरलो. खाली सुरक्षेचा माणूस मास्क लावून वर गेला आणि झाकण बंद झालं.

दादा पायरीवर बसले. डोळे लाल झाले होते. मी विचारलं, "तुम्हाला वास आला नाही?"

त्यांनी बाहीने डोळे पुसले. मग म्हणाले, "तापापासून कायच येत नाय. चहाचा नाय, फिनेलचा नाय, याचापण नाय."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगून काय करू? ऑपरेटरचं नाकच गेलं म्हटल्यावर ठेवतील का? पोरी शिकतात दोघी." मग खाली बघत म्हणाले, "मॅडम, एक विचारू? माझ्या अंगाला वास येतो का? पूर्वी मला कळायचं, किती धुवायचं ते. आता बसमध्ये शेजारचा उठला तरी वाटतं, माझ्यामुळंच उठला. बायको म्हणते येत नाय. पण ती म्हणेलच ना."

मी त्यांच्या जवळ गेले आणि वास घेतला. साबणाचा होता, भरपूर. तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पुरता विश्वास बसलेला दिसला नाही.

साहेबांना सांगणं भागच होतं. "मी येते सोबत," मी दादांना म्हटलं. आमचे साहेब तापट, त्यामुळे मलाही धाकधूक होती. सगळं ऐकून ते आधी मीटर खाली ठेवल्याबद्दल दादांवर रागावले. मग म्हणाले, "हा गॅस जास्त असला तर धडधाकट माणसाचंही नाक बधिर होतं. नाकावर कुणीच विसंबायचं नाही. तुम्ही आजपासून कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर बसा. उद्या नाकाच्या डॉक्टरकडे जाऊन या."

टाकीवर जायचं नाही याचं दादांना वाईट वाटलं. एक-दोन दिवस ते पॅनेलसमोर पाहुण्यासारखे बसले. पण डायजेस्टर आजारी होता. गाळ थोडा थोडा पाजायचा, ॲसिड मारायला सोडा घालायचा, तोवर बॉयलर डिझेलवर चालवून तापमान हलू द्यायचं नाही आणि वाट बघायची. मी आकडे घेऊन गेले की ते खुर्ची सरकवून मला जागा करून द्यायचे. हळूहळू ॲसिड उतरलं, गॅस वाढला. बॉयलर पुन्हा स्वतःच्या गॅसवर पेटला त्या दिवशी दादा डबा घेऊन लॅबमध्ये आले आणि न विचारता स्टूल ओढून बसले.

डॉक्टरांनी रोज वेगवेगळे वास घ्यायला सांगितलं होतं. मग प्लँटवर जो तो काहीतरी आणू लागला. कुणी लिंबू, कुणी लवंगा; पिंपळगावहून येणाऱ्या वेल्डरने घरचा लसूण आणला. दादा डोळे मिटून हुंगायचे, मान हलवायचे आणि लसूण मात्र डब्यात टाकून न्यायचे. काही महिन्यांनी लवंग नाकाला झोंबू लागली. कॉफीला रॉकेलसारखा वास यायला लागला. त्यापुढे फारसं काही परत आलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी आम्हा प्लँटवरच्यांना गावी जेवायला बोलावलं. नवा भात होता. त्यांच्या बायकोने चुलीवरचं पातेलं उतरवून झाकण काढलं आणि दादा माझ्याकडे वळले.

"सांगा ना, कसा येतोय?"

वास असा कुणाला सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी चाचपडत म्हणाले, "गोडसर आहे. थोडा दुधासारखा. आणि मागून किंचित धुरकट."

दादा विचारात पडले. "दुधाचा बरोबर. धुरकट नाय, ती चूल हाय."

त्यांची बायको हसली आणि त्यांच्या ताटात आधी भात वाढला.