समोरच्या चक्कीचा आवाज

"नानासाहेब, तुमची चक्की घसा बसल्यागत वरडायलीय. दगड बोथट झालाय."

"तुमी तुमची गिरणी बघा, चतुराबाई. माझ्या चक्कीवर कान कशापायी?"

"कान मी धाडलाय व्हय? आवाजच घरात येतोय."

वाळूजच्या एकाच गल्लीत दोघांच्या पिठाच्या गिरण्या, समोरासमोर. दुपारी काम नसलं की चतुराबाई पोत्याला टेकून डोळे मिटायची. उन्हाच्या पट्ट्यात पीठ तरंगायचं, अन् समोरची घरघर लांबच्या ओढ्यासारखी कानात वाहायची. आज त्या गुंगीत तिला आपल्या दारात अख्ख्या गल्लीचे डबे दिसले. गप्प बसली असती तर महिन्याभरात तसंच झालं असतं. बोथट दगडाचं पीठ तापतं, भाकरी थापताना चिरते, गिऱ्हाईक समोरचं दार धरतं.

पण दोन सालांमागं तिच्या दगडाला तडा गेला, तवा नानासाहेबांनी आठ दिवस तिची गिऱ्हाइकं दळून दिली. डबे तिच्याच दारातून परत गेले. एकबी गिऱ्हाईक त्यांनी ठेवून घेतलं नाय. तेवढ्यासाठी ती उठून रस्ता ओलांडून आली होती.

नानासाहेबांनी पीठ चिमटीत धरलं. चांगलंच गरम होतं.

"दगडाला टाकी मारून धार लावायला सांज होईल. अन् हे डबे?"

"द्या इकडं. नावं तेवढी सांगा, नायतर समदी गिऱ्हाइकं माझीच म्हणून बसंन."

"तुमचा भरवसा नायच," म्हणत त्यांनी नावं सांगितली.

चतुराबाईनं दोन खेपांत सात डबे आणले, आपली चक्की चालू केली अन् पहिल्या डब्यातली ज्वारी ओतली.