गोदूबाईचं प्रस्थान

आचऱ्याच्या उत्तर टोकाला, खाडीच्या काठावर गोदूबाईचं घर होतं. त्यापुढे घर नव्हतं. म्हणून देवगडकडे, मुंबईकडे जाणाऱ्या साऱ्या गावाचं प्रस्थान तिच्याकडेच. मुहूर्ताच्या दिवशी निघता येत नसेल, तर एक वस्त्र नि सुपारी बांधून जायच्या दिशेच्या घरात ठेवायची. माणूस निघालाच असं धरायचं. वीस वर्षं गोदूबाईने गावाच्या गाठोड्यांना पाट दिला, सांजवात दाखवली. कुणाचं गाठोडं आत असताना ती दाराला कडी घालून कुठे गेली नाही.

१९५८च्या माघात जामसंड्याहून निरोप आला : विमलाचे दिवस भरलेत, आईनं यावं. सोमवारी पंचमी, योगिनी पाठीशी. उत्तरेला जायला सुरेख दिवस. पण घरात शेवंतीचं गाठोडं होतं. मास्तरीण व्हायला रत्नागिरीला निघालेली ती पोर मंगळवारी सकाळी ते नेणार होती. तोवर गोदूबाई हलणार नव्हती. आणि मंगळवारी उत्तरेला दिशाशूल, तिकडे निघणं अशुभ. लेक अवघडलेली, शूल ओलांडून तिच्या दारात जायला मन धजेना.

मग तिने सोमवारी सकाळीच आपलं लुगडं बांधलं नि खाडीवरची तर, म्हणजे ये-जा करणारी होडी, चालवणाऱ्या बाबलीच्या हाती दिलं. “पल्याड ठेव.”

संध्याकाळी तर काठाला लागली तेव्हा गाठोडं तिच्यातच.

“काकी, तुझा गाठोडा सा वेळा गेला नि सा वेळा इला.”

“मेल्या, पल्याड ठेव म्हणान सांगलंय मा तुका?”

“ठेवतलंय खंय? थंय नुसते कांदळ. रात्री कोल्हे नेसतीत तुझा लुगडा.”

गोदूबाईने होडीतल्या गाठोड्याकडे बोट केलं. “माघारी इलेला प्रस्थान घेवन लेकीकडे कशी जाव?”

बाबलीने हसू आवरलं. पंचमी अजून सरली नव्हती. त्याने तर पुन्हा पलीकडे नेली, गाठोड्यासकट कांदळाच्या झाडाला बांधली आणि धोतर डोक्याला गुंडाळून छातीभर पाण्यातून परत आला.

“होडी खंय?” घरी बायकोने विचारलं.

“काकीच्या लुगड्याक राखणीक ठेवलंय.”

सकाळी तो तसाच पलीकडे गेला. कोल्ह्यांची वेळ टळली होती. गाठोडं फांदीला अडकवून त्याने रिकामी तर आणली. शेवंती नि गोदूबाई बसल्या. गोदूबाईची नजर त्या फांदीवरून हलली नाही.

दुपारी जामसंड्याला विमला दारात आली, कमरेवर हात ठेवून, घामेजलेली, हसरी.

“आये, आज मंगळवार. शूल मा गो?”

“माका न्हय,” गोदूबाई पायांवर पाणी घेत म्हणाली. “मी कालच निघालंय.”