पान एकशे बारा

माझी एकुलती एक कादंबरी नव्वदीच्या सुरुवातीला छापून आली. तेव्हा मी ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होतो आणि डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत राहत होतो. कादंबरीचा नायकही एक्स्चेंजमधलाच. नायक कसला, हलकटच तो. नवीन इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बसतं, हा गुपचूप त्याला कॉम्प्युटर जोडतो, शहरातल्या बायकांचे फोन टेप करतो, त्यावरून त्यांना धमकावतो आणि शेवटी दोन खून करतो. मधेमधे शय्या. शय्या जरा जास्तच झाली होती, हे आता कबूल करतो. तेव्हा मी त्याला धाडस म्हणत असे.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून छापखान्यासाठीची प्रत बायकोने लिहून काढली. पण तसला मजकूर आला की ती पान कोरं सोडायची आणि वर पेन्सिलीने लिहायची, ‘हे तुमचं तुम्ही लिहा.’ अशी एकोणीस पानं मी स्वतः लिहिली. तिने ती कधीच वाचली नाहीत. मला तेव्हा त्याचं बरंच वाटलं होतं.

पुस्तक लोकांनी विकत घेतलं नाही, वाचनालयातून नेलं. महिनाभराने मी मुद्दाम चक्कर मारली, तर प्रतीच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘पान ११२ पाहा.’ खाली दुसऱ्या अक्षरात, ‘आणि १४७.’ त्याखाली तिसऱ्याने, ‘१४७ मध्ये काही नाही. वेळ घालवू नये.’ पुढच्या वाचकाची सोय बघायची ही आपल्या वाचनालयांतली जुनी रीत, मीही कॉलेजात असताना पाळलेली. प्रत टेबलावर ठेवली की आपोआप एकशे बारावर उघडायची.

“मागणी आहे हो तुमच्या पुस्तकाला,” ग्रंथपाल बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “पण नेणारे दुसऱ्याच दिवशी परत आणतात.”

पत्रंही आली. शहाडच्या एका कॉलेजकुमाराने चार पानं भरून सिद्ध केलं होतं की, मी लिहिलंय तेवढं रेकॉर्डिंग कुठल्याही कॉम्प्युटरच्या मेमरीत मावणार नाही. नौपाड्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी कार्ड पाठवलं, ‘विवस्त्र या शब्दातील वि ऱ्हस्व लिहावा. आपण सर्वत्र दीर्घ लिहिला आहे. प्रसंगांविषयी मला काही म्हणावयाचे नाही.’ वर्तकनगरची मावशी फक्त एवढंच म्हणाली, “लग्नाकार्यात कुणी विचारलं तर लिहितो म्हण. काय लिहितो ते सांगू नको.” आणि आमच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. मला वाटलं, आता नोकरीवर गदा येते. साहेब कुजबुजले, “अरे, तुझा तो हलकट जिथे कॉम्प्युटर जोडतो, त्या रॅकचा नंबर खराखुरा दिलायस का रे?” बायका, खून यांबद्दल चकार शब्द नाही.

मी खूश होतो. शिव्या घालणारेही वाचून घालत होते. एक वाचक मात्र मी हिशोबात धरलाच नव्हता.

एक्स्चेंजमधला माणूस म्हणून माझ्याकडे फोन लवकर आलेला. तेव्हा डोंबिवलीत नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, त्यामुळे आमचा नंबर अख्ख्या बिल्डिंगचा होता. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर सगळे तो द्यायचे आणि पुढे लिहायचे ‘पी.पी.’, म्हणजे शेजाऱ्याचा फोन. कुणाचा फोन आला की जिन्यातून हाक मारायची, ते माणूस आलं की बाहेरची खोली त्याला सोडून आपण आत जायचं, आणि आत जाऊन आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवायचं. दोन खोल्यांच्या मधे दार नव्हतं, पडदा होता. पण हा शिष्टाचार सगळे पाळायचे.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंचा नवरा मस्कतला फिटर होता. त्याला शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी अकराला त्याचा फोन. माझीही साप्ताहिक सुट्टी शुक्रवारचीच. कादंबरी लिहीत होतो त्या दिवसांत मी पडद्यामागे उभा राहून ऐकायचो. बायको ओट्यापाशी पाठ करून असायची, तिच्या लक्षात आलं नाही. एकदा बाई म्हणाल्या, “उशीला तुमचा शर्ट घातलाय. धुतला नाहीये.” पुढचं कुकरच्या शिट्टीत गेलं. पण मला तेवढं पुरे होतं. ते वाक्य मी जसंच्या तसं उचललं आणि पान एकशे बारावरच्या बाईच्या तोंडी घातलं. तिथून पुढे काय होतं ते सांगत नाही. एवढी टेक्नॉलॉजी लिहिली, आणि खरा माल मिळाला तो पडद्यामागून.

पुस्तक आलं तेव्हा त्या बाईंनीच एक प्रत मागून घेतली. मी ऐटीत सही करून दिली. त्यांनी ती न वाचताच तिकडे जाणाऱ्या एकाबरोबर नवऱ्याला पाठवली. “तिकडे मराठी वाचायला मिळत नाही हो. आधी ते वाचू देत,” असं बायकोला म्हणाल्या. हे मला कळलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ते वाक्य कुणाचं, हे मी तोवर विसरूनही गेलो होतो.

त्यानंतर दोन शुक्रवार फोन आला नाही. दोन्ही दिवशी बाई तासभर आमच्याकडे बसून गेल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या एक पत्र घेऊन आल्या आणि माझ्यासमोर धरलं. नवऱ्याने एवढंच लिहिलं होतं, ‘पान ११२ वरचं वाक्य त्या माणसाला कसं माहीत? शुक्रवारी फोन करतो.’

“वाचनालयातून आणून मी आता वाचलं ते पान,” बाई म्हणाल्या. “त्यांना वाटतंय, मी तुमच्याशी... भाऊजी, शुक्रवारचा फोन तुम्ही घ्या. माझं काही खरं वाटणार नाही त्यांना.”

बायकोने पत्र वाचलं, मग आत जाऊन पुस्तक काढलं आणि पान एकशे बारा पहिल्यांदाच वाचलं. पुस्तक तसंच उघडं माझ्या पुढ्यात ठेवून ती ओट्याकडे वळली.

शुक्रवारी अकराला रिंग वाजली. बाई टेबलापाशी उभ्या होत्या. तयारी मी चोख केली होती. लेखकाची कल्पना, योगायोग, जगात अशी हजार माणसं असतात, वगैरे.

“पुस्तक वाचलं,” पलीकडून आवाज आला. “एकच विचारायचंय. ते शर्टाचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी बाईंकडे पाहिलं आणि पाठ केलेलं सगळं तिथेच राहिलं. “कुणी सांगितलं नाही,” मी म्हटलं. “मी चोरून ऐकलं.”

“लाइनवर?”

“नाही. घरातच. पडद्यामागे उभं राहून.”

मग त्याने विचारलं, “ती तुमच्याशी बोलते?”

“माझ्याशी त्या कधी चार वाक्यंही बोलल्या नाहीत.”

“तिला द्या.”

मी आणि बायको जिन्यात जाऊन उभे राहिलो आणि बाहेरचं दार ओढून घेतलं. इतक्या वर्षांत कुणाच्याही फोनला आम्ही हे केलं नव्हतं. पाचेक मिनिटांनी बाईंनी दार उघडलं. डोळे लाल होते, पण आवाज जाग्यावर आला होता. “पटलं त्यांना,” त्या बायकोला म्हणाल्या. चपला पायात घालताना माझ्याकडे वळल्या.

“पुढचं नव्हतं ऐकलंत?”

“कुकरची शिट्टी झाली,” मी म्हटलं.

“उशी माझी नव्हती, भाऊजी. मुलीची होती. बापाला विसरायला लागली होती ती.”

त्यानंतर त्यांचा फोन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे येऊ लागला. भर गिऱ्हाइकांत, गुळाच्या ढेपांना टेकून त्या बोलायच्या.