आधी सूप

“आधी सूप,” नाना म्हणायचे, “बोलणं मग.”

असं म्हणताना समोरच्याच्या पुढ्यातलं रिकामं बाऊल ते बोटाने जरासं पुढे सरकवायचे. बस, तेवढंच. मग समोर कुणीही असो, पुढारी असो नाहीतर भावकीत भांडून आलेला रावेरकडचा केळीवाला, तो मुकाट्याने उठायचा आणि बाऊल घेऊन काउंटरकडे जायचा.

नानांचं जळगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि त्याला भिंत लागून माझं मेडिकल. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की नानांकडे यायच्या. मोटारीबरोबर तिचा मालक यायचा, आणि मोटार भरून होईपर्यंत बाकावर बसून स्वतःची सगळी कर्मकथा सांगायचा. नाना तांब्याची तार गुंडाळत ऐकायचे. त्या बाकावर जिल्ह्यातली किती भांडणं उतरली असतील, सांगता सोय नाही. माझ्याकडे डोकेदुखीची गोळी घ्यायला येणारे बरेचसे त्या बाकावरूनच उठून यायचे.

ऐकून घेणारे पुष्कळ असतात. तुमच्याही गल्लीत असेल एखादा. पण नाना त्यावर इलाज करायचे, आणि तो इलाज म्हणजे रिंग रोडवरचं चायनीज हॉटेल. हसू नका. मीही पहिल्यांदा असाच हसलो होतो.

त्या हॉटेलात रविवारी आणि सणासुदीला बुफे असतो. दाराशी लाल कंदील, भिंतीवर हा एवढा ड्रॅगन. नाना त्याला घोरपड म्हणायचे. एका अंगाला शाकाहारी, दुसऱ्या अंगाला चिकन, आणि अगदी दाराशी, काउंटरवर, सुपाचं भांडं.

त्याचं असं आहे, आमच्याकडे भांडण झालं की माणूस आधी अन्नपाणी बंद करतो. ‘तुझ्या हातचं पाणी पिणार नाही,’ ‘तुझ्या घराची पायरी चढणार नाही,’ अशी शपथ तोंडातून गेली की गेली. राग चार महिन्यांत उतरतो, पण शपथ उतरत नाही. दोघांनाही बोलायचं असतं, पण पहिल्यांदा कुणाच्या घरी कुणी जायचं?

“अरे, इथे घर कुणाचं आहे?” नाना मला म्हणाले होते. “यजमान नाही, पाहुणा नाही. कुणी वाढत नाही, कुणी आग्रह करत नाही. आपलं ताट आपण घ्यायचं, बिल ज्याचं त्याने द्यायचं. सांग, कुणाची शपथ मोडली?”

बोला आता.

त्यांचा एक कडक नियम होता. टेबलावर कुणी कुणाला वाढायचं नाही. चमचाभर चटणीसुद्धा नाही. वाढलं की यजमान झालास, म्हणायचे.

मी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतो. आमच्याच गल्लीतले एक जण आणि त्यांचे व्याही, लग्नातल्या मानपानावरून बिनसलेले. एकाला म्हणे टोपी-उपरणं शेवटी मिळालं. पोराला बाळ झालं तरी दोघांची तोंडं दोन दिशांना, आणि बारसं अडकलेलं. नानांनी दोघांनाही ‘जेवायला या’ सांगितलं आणि एकमेकांचं नाव मात्र सांगितलं नाही. व्याही दारात आले, आत गल्लीतले हे बसलेले दिसले, आणि लागले परत फिरायला.

“आधी सूप,” नाना म्हणाले.

सूप झालं, तरी तोंडं दोन दिशांनाच. मग नानांनी दोघांना नूडल घ्यायला पाठवलं. ज्याने आयुष्यात काट्याचा चमचा धरला नाही, त्याच्यापुढे नूडल म्हणजे काय परीक्षा असते, विचारू नका. व्याह्यांच्या मिशीला एक लांबलचक नूडल लटकलं. ते ओढायला गेले तर आणखी दोन आले. समोरच्याने मान खाली घातली, खांदे हलायला लागले, आणि मग फुटलाच तो. व्याहीही हसले. बारशाचे पेढे मी खाल्ले.

“नूडल खाताना माणसाला ऐट करता येत नाही,” नानांनी मला हळूच सांगितलं. त्यांची स्वतःची टोपी सरळ होती आणि धोतरावर सोया सॉसचा डाग पडला होता.

मला त्या माणसाचं फार कौतुक वाटायचं. या सगळ्यात त्यांना काय मिळत होतं? रविवारची दुपारची झोप जायची. पण समोरचे दोघं बोलायला लागले की नाना स्वतःच्या सुपावर त्या तळलेल्या कुरकुरीत नूडल मूठभर टाकायचे, आवाज करत खायचे, आणि देवळात जाऊन आल्यासारखं समाधान तोंडावर घेऊन घरी जायचे.

आणि हाच माणूस सख्ख्या बहिणीशी कित्येक वर्षं बोलत नव्हता.

अक्का त्यांच्याहून मोठ्या, धुळ्याला दिलेल्या. आई लवकर गेली, तेव्हा नानांना अक्कांनीच कडेवर वागवलेलं. आता खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, काय असते ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येते. झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि तिला आणायला भावाने स्वतः जायचं असतं, मुराळी होऊन. नाना दरवर्षी जायचे. पण एका वर्षी उन्हाळा असा तापला की मोटारींवर मोटारी जळत होत्या, दुकानापुढे रांग, शेतकरी रडकुंडीला आलेले. दोन दिवस पाणी चुकलं की केळीचे घड माना टाकतात. नानांनी धुळ्याला दुकानातला कारागीर पाठवला.

झालं. अक्कांच्या जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “यंदा माहेरहून मेस्त्री आला वाटतं.” अक्कांनी कारागिराला जेवू घातलं आणि तसाच परत पाठवला. नाना संध्याकाळी फोन करायला गेले तर तिकडून आवाज आला, “भाऊले बहीनपेक्षा मोटार मोठी शे का?”

नाना दिवसभराचे उन्हात होरपळलेले. तेही चिडले. मी भिंतीपलीकडून नानांचं तेवढं ऐकत होतो. “एवढा राग असेल तर तुझ्या हातचं पाणी पिणार नाही.” तिकडूनही उत्तर आलं असणार, कारण नाना रिसीव्हर ठेवून नुसते बसून राहिले. तिकडचं सगळं नंतर वहिनींकडून, म्हणजे नानांच्या बायकोकडून, कळलं. अक्का म्हणाल्या होत्या, “तुझ्या घराची पायरी चढणार नाही.”

मग दर आखाजीला गल्लीत झोके बांधले जायचे, पोरी गाणी म्हणायला लागायच्या, आणि नाना नेमक्या त्याच वेळी एखादी मोटार टेस्टिंगला लावायचे. तो आवाज! माझ्या फळीवरच्या बाटल्या थरथरायच्या. गाणं संपलं की मोटार बंद.

मी एकदा धीर करून म्हटलं, “नाना, तुम्ही साऱ्या गावाला सूप पाजता, अक्कांना एकदा...”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गिऱ्हाईक नसताना गोळ्या मोजायला लागलो.

शेवटी वहिनींनीच मनावर घेतलं. एक दिवस माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, “भाऊ, धुळ्याला फोन लावा. दोघांचेही केस पिकले. आता कशाची वाट पाहायची?”

लावला. अक्का म्हणाल्या, पायरी चढणार नाही. मी म्हटलं, “अक्का, घरी येऊच नका. हॉटेलात या. त्याला पायऱ्याच नाहीत, रस्त्यावरून सरळ आत जातो माणूस.”  अक्कांनी विचारलं, “भाऊ बरा शे ना?” मी म्हटलं, बरा आहे. म्हणाल्या, “येस मी.” म्हणजे, येते.

आखाजीच्या दिवशी सकाळी वहिनींनी नानांना सांगितलं, “आज पुरण नाही. मला चायनीज खायचंय.” नानांना वाटलं हिला ऊन लागलं. मला हाक मारून म्हणाले, “अरे, ताप मोजायचं आण बरं.” ज्या बाईला सोया सॉसच्या वासाने मळमळायचं, ती नवं लुगडं नेसून रिक्षात बसली होती.

अक्का आधीच येऊन बसल्या होत्या. कोपऱ्यात, बरोब्बर घोरपडीखाली, डोक्यावर पदर घेऊन. नाना दारातच थांबले. मग वळून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहायला लागलो. एक क्षण वाटलं, गेले हे. पण वहिनी दार अडवून उभ्या होत्या, आणि वहिनींना ओलांडून जाणं नानांना जन्मात जमलं नव्हतं.

बसले. समोरासमोर. दोन रिकामी बाऊलं मध्ये.

आणि तिथे आमचं गाडं अडलं. कारण अशा वेळी ‘आधी सूप’ म्हणायचे ते नाना. आता ते कोण म्हणणार? मी सॉसच्या बाटल्या ओळीत लावत बसलो. वहिनी पदराशी चाळा करत होत्या. हॉटेलचा मालक काउंटरमागून मान उंच करून पाहत होता, त्याला सगळी कथा ठाऊक होती. अक्का टेबलाकडे पाहत होत्या, नाना घोरपडीकडे. मला वाटलं, हे असेच उठतील आणि पुन्हा या जन्मात भेटणार नाहीत.

शेजारच्या टेबलावर एका पोरीने नूडलची प्लेट आणली. अक्कांनी तिकडे पाहिलं आणि कुणालाच उद्देशून नाही असं विचारलं, “हाई काय शे? शेवया?”

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय नानांना राहवायचं नाही. “शेवया नाहीत, अक्का. नूडल. पण ते नंतर. आधी...”

आणि थांबले. त्यांचं बोट अक्कांचं बाऊल पुढे सरकवायला निघालं होतं, ते तसंच राहिलं. मग त्यांनी ते बाऊल उचललं, काउंटरवर गेले, स्वतःच्या हाताने सूप भरलं, वर कुरकुरीत नूडल टाकल्या आणि आणून बहिणीपुढे ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्या हॉटेलात कुणाला वाढलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

“अक्का, सूप.”

अक्का म्हणाल्या, “मना हातनं पानी पेस नही, अन् माले पाजस?”

 अक्कांनी एक घोट घेतला. मग बाऊल दोन्ही हातांनी उचलून भावापुढे धरलं. “ले.”

नाना ते त्यांच्याच हातून प्यायले, लहान पोर पितं तसं, सगळं. डोळे पुसले आणि मालकाकडे पाहून ओरडले, “काय रे, आज तिखट किती केलंस!” दर रविवारी हेच सूप त्यांना मिळमिळीत लागायचं.

मी नाक शिंकरायला बाहेर गेलो. परत आलो तर अक्का नूडलशी झटत होत्या आणि भाऊ पोट धरून हसत होता.

जेवण झाल्यावर अक्का उठल्या आणि म्हणाल्या, “चल घर.” वहिनींनी घराच्या दारात अक्कांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आत गेलो तर पुरण, आमरस, कुरडया, सगळं तयार. बाईने पहाटेच उठून करून ठेवलं होतं! ते आम्ही पुन्हा जेवलो. मी रात्री माझ्याच दुकानातलं पाचक घेतलं.

त्यानंतर दर आखाजीला नाना दुकानाला कुलूप लावून, कडक इस्त्रीची टोपी घालून धुळ्याला निघायचे. दारात मोटारी घेऊन आलेल्यांना सांगायचे, “मुराळी आहे मी. उद्या या.” सत्तरीचा मुराळी! लोक हसायचे, पण दुसऱ्या दिवशी यायचे.

गेल्या थंडीत नाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्या दिवशी त्यांच्या दारात जमलेली माणसं पाहून मला कळेना की शहरात इतकी भांडणं झाली तरी कधी. ते दोन व्याही एकमेकांना धरून उभे होते.

मग आखाजी जवळ आली. आमच्याकडे आखाजी जशी लेकींची, तशीच गेलेल्यांचीही. त्यांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, नैवेद्य दाखवायचा. वहिनी म्हणाल्या, “भाऊ, अक्कांना आणायला कोण जाणार?” मी म्हटलं, मी जातो. म्हटलं खरं, पण एरंडोल मागे पडलं, पारोळा मागे पडला, तसं वाटायला लागलं, इथूनच परत फिरावं. भावाऐवजी दुसऱ्याला पाठवलं म्हणूनच तर सगळं झालं होतं. मी त्यांचा कोण? शेजारच्या दुकानातला गोळ्या विकणारा.

अक्का ओसरीवर पिशवी भरून बसल्या होत्या. मला पाहिलं, माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा मला पाहिलं.

“तुले भाऊनी धाडं का?”

“हो,” मी म्हटलं.

उठल्या आणि गाडीत बसल्या.  जळगाव आलं तेव्हा म्हणाल्या, “पहिले त्या हॉटेलवर ले.” आत आल्या नाहीत, मलाच पाठवलं. मालकाने ओळखलं. सूप डब्यात भरून दिलं, कुरकुरीत नूडलची पुडी वेगळी बांधली, आणि पैसे काही घेतले नाहीत.

घरी घागर भरून ठेवली होती, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन आंबे. समोर पानात पुरणपोळी, आमरस, कुरडई. अक्कांनी डबा उघडला आणि बाऊल मागितलं.

वहिनी चपापल्या. “अहो अक्का, त्यात कांदा-लसूण असतो. नैवेद्याला चालतं का?”

“त्याले चालतं,” अक्का म्हणाल्या.

त्यांनी सूप ओतलं. पुडी सोडून वर नूडल टाकल्या. बाऊल पानाशेजारी ठेवलं आणि एका बोटाने घागरीकडे जरासं पुढे सरकवलं.

“पहिले सूप ले, भाऊ. बाकी बठ्ठं मंग.”