माझ्या वाफ्यातली मेथी

आमचं राज्य मोडून भोपाळ राजधानीचं नवं राज्य झालं, त्या छप्पन साली आमची शेतीखात्याची प्रयोगशाळाही उठणार होती. सामान भोपाळला जाणार, माणसांत कोण राहणार त्याच्या याद्या चाललेल्या. मी तिथला चपराशी. शेतातली माती, पाला आणायचा, काचसामान धुवायचं. शाळा चौथीत सुटली, पण काचेचं एक भांडं माझ्या हातून फुटलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

किडीसाठी मारलेली बीएचसीची पावडर मातीत न् पाल्यात किती उरते, ते आमचे साहेब मोजायचे. पाला बेंझिनमध्ये भिजवायचा, गाळायचा, बेंझिन उडवायचं. उरलेल्या विषातला क्लोरीन फोडून काढायचा. मग चांदीचं औषध टाकलं की क्लोरीनमुळं पाण्यात पांढरं जमायचं. जितकं पांढरं, तितकं विष.

एके दिवशी साहेब म्हणाले, "शेतात पावडर मारली गेल्या साली, अन् यंदाच्या पाल्यातही आहे. माती सोडतच नाही रे."

गेल्या साली वाळवीसाठी मीच उरलेली पावडर डब्यात घालून घरी नेली होती, दौलतगंजात, परसातल्या वाफ्यात टाकायला. यंदा तिथं मेथी होती. अन् माझी तीन वर्षांची पोर कालपासून ओकत होती.

साहेबांना सांगावं, तर चोरी उघडी पडते अन् यादीतून नाव कटतं. शिवाय मला काय येत नव्हतं? रोज बघत होतो. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून मूठभर मेथी रुमालात बांधून नेली. साहेब जेवायला गेले. बेंझिन भोपाळच्या पेटीत बांधलेलं, म्हणून मेथी नुसत्या पाण्यात उकळली, गाळली, चांदीचं औषध टाकलं. दह्यासारखं पांढरंफेक झालं. इतकं पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं. भांडं उजेडात धरून मी बघतच होतो.

साहेब परत आले. "काय रे, हे काय?"

सगळं सांगून टाकलं. पावडर, वाफा, पोर.

"पाला धुतलेला होता?"

"बायकोनं मीठ चोळून ठेवला होता. कडू जायला."

"अरे शहाण्या! मिठातही क्लोरीन असतो. तू मीठ मोजलंस!" ते हसले.

मला राग आला. "मग विष तुम्ही मोजा. पण आज मोजा."

त्यांचं हसू थांबलं. बांधलेल्या पेटीतून बेंझिनची बाटली त्यांनी परत काढली. मी धावत जाऊन वाफ्यातली ताजी मेथी आणली अन् मातीही. मोजता मोजता संध्याकाळ झाली. मातीत बरंच निघालं. पाल्यात थोडं, पण होतं.

"थोडं म्हणजे पोरीला किती वाईट, साहेब?"

"पाल्यात किती आहे ते सांगू शकतो. पोरीला बाधायला किती पुरे, ते मला माहीत नाही." चोरीबद्दल ते कुणालाच बोलले नाहीत.

घरी येऊन मी सगळी मेथी उपटली. बायको ओरडली, "अहो, डोकं फिरलं का? चांगली भाजी!" मग तिला सांगितलं. ती पोरीला छातीशी धरून एवढंच म्हणाली, "रोज खात होती हो ती."

उलट्या दोन दिवसांनी थांबल्या. मेथीनं होत्या की कशानं, कुणी सांगितलं नाही. पण पुढं कित्येक महिने पोर नुसती खोकली तरी मी हातातलं टाकून उठायचो.