हवा आहे, तुम्हाला जाणवत नाही

आधी बोट जिभेला लावायचं, मग ते छताजवळच्या जाळीखाली धरून डोळे मिटायचे आणि देवाने कौल द्यावा तसं सांगायचं, "हवा आहे. तुम्हाला जाणवत नाही."

अंबरनाथच्या आमच्या रंगाच्या कारखान्यातले हे मेंटेनन्स सुपरवायझर. आम्ही पॅकिंगच्या बायका त्यांना डँपरसाहेब म्हणायचो. डँपर म्हणजे ताज्या हवेच्या पत्र्याच्या डक्टमधली झडप. बाहेरची दांडी फिरवली की आतली झडप उघडते किंवा मिटते. आमच्याकडे एका डक्टचे दोन फाटे होते, एक पॅकिंग हॉलला, दुसरा मॅनेजरसाहेबांच्या केबिनला. इकडे मिटवलं की तिकडे गारवा. एवढ्या विद्येवर या माणसाने अख्खी नोकरी काढली.

मॅनेजरसाहेबांच्या कपाळाला एकदा घाम आला. त्याच दिवशी यांनी आमची झडप जवळजवळ मिटवली आणि कुणी हात लावू नये म्हणून दांडी बाइंडिंग वायरने आवळून टाकली. झडपेला अधूनमधून तेल द्यावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण बांधलेल्या दांडीला तेल कशाला?

हॉलमध्ये रंगाची भुकटी उडायची. खरवईची सुमनताई माझ्या शेजारी बसायची, ती खोकून खोकून बेजार व्हायची.

"साहेब, छातीत भरतंय हो. जरा उघडा ना."

"कंपनी गूळ देते ना? गूळ खा."

भुकटीत काम करणाऱ्यांना दुपारी गुळाचा खडा मिळतो, घसा साफ राहतो म्हणतात. डँपरसाहेबांच्या मते तो खडा म्हणजे अर्धा डॉक्टर होता.

फारच कुरकुर झाली तेव्हा त्यांनी उल्हासनगर कॅम्प दोनमधून हवा मोजायचं यंत्र आणलं. दुकानदार म्हणाला होता म्हणे, "साईं, ये कभी गलत नहीं दिखाता." खरंच होतं ते. जाळीखाली धरा, पंख्यापुढे धरा, डब्यात झाकून ठेवा, आकडा तोच. साहेबांना या यंत्राचा फार अभिमान होता.

मग मॅनेजरसाहेबांना केबिन वाढवायची हुक्की आली. त्यात डँपरसाहेबांची खोली गेली आणि त्यांचं टेबल आमच्या हॉलमध्ये आलं, नेमकं त्या जाळीखाली.

आम्ही मजा बघायला बसलो, खोटं कशाला सांगू. आधी नाकाला रुमाल आला. मग खोकला आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, कारण हवा नाही म्हणायची सोय त्यांची त्यांनीच बंद केली होती. एका दुपारी गुळाचा डबा फिरत असताना त्यांनी दुसरीकडे बघत हळूच हात पुढे केला. सुमनताईने खडा ठेवला. टोमणा मारेल असं वाटलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "आता तरी उघडा, साहेब."

"खोली गेली, ताई. आता तोंड उघडलं तर खुर्चीपण जाईल. निवृत्ती जवळ आलीय."

तेव्हा मला त्यांची कीव आली. राग गेला नाही, पण कीव आली.

निरोप समारंभ आमच्याच हॉलमध्ये झाला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "या माणसाने आपल्या सगळ्यांच्या श्वासाची काळजी घेतली." टाळ्या झाल्या. मग डँपरसाहेब उठले. सवयीने बोट जिभेला लावलं, जाळीखाली धरलं, डोळे मिटले. आम्ही हसू दाबायला पदर तोंडाला लावून तयारच होतो.

"हवा नाही," ते म्हणाले.

मॅनेजरसाहेबांना तो विनोद वाटला, ते खो खो हसले. डँपरसाहेब खांद्यावरच्या शालीसकट स्टुलावर चढले, पकडीने वायर तोडली आणि दांडी फिरवली. दांडी गरकन फिरली. आत झडप मात्र गंजून जागच्या जागी घट्ट बसली होती, दांडीशी तिचा सांधाच तुटला होता. त्यांनी पुन्हा फिरवली, पुन्हा फिरवली. सुमनताई खालून म्हणाली, "राहू द्या साहेब, पडाल." ते उतरले आणि कुणाकडे न बघता गेले, नारळ टेबलावर तसाच राहिला.

नवीन झडपेचं चाललंय म्हणतात. तोवर गूळ आहे. दांडीला आता वायर नाही. सुमनताई रोज सकाळी कामाला बसायच्या आधी स्टुलावर चढून ती फिरवून बघते. कशीही फिरते.