कॅसेट लोड होईपर्यंत

जुन्या होम कॉम्प्युटरवर हौसेने अजूनही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची परिषद कोरमंगल्यात भरली होती. तिथे एका टेबलामागे पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, इथलेच, कानडी मुलखातले जुने मराठी गृहस्थ बसले होते.

"बसा अण्णा, स्वल्प वेळ लागतो," म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली आणि कॅसेट लावली. प्रोग्रॅम लोड व्हायला सहा मिनिटं लागायची. एक कान टेपच्या चिरक्या आवाजाकडे ठेवून त्यांनी माझं गाव, नोकरी, जेवणाची सोय, सगळं विचारून घेतलं. शेवटी पडद्यावर एक चेंडू उड्या मारू लागला. एवढंच.

मी उठताच त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि कॅसेट पुन्हा मागे फिरवली.

"चालूच ठेवा की. पुढच्याला ताटकळावं लागणार नाही."

"सकाळी ठेवलावता," ते म्हणाले. "लोक उभ्या उभ्या चेंडू बघतात नि जातात. कोण बसतच नाही."

बाकीच्या टेबलांवर काय काय पाहिलं ते आता आठवत नाही. त्या सहा मिनिटांत त्यांनी माझ्या आईच्या गुडघ्यांचीही चौकशी केली होती. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही.